मास्तरांचा बटणांचा डबा

खुळखुळ ऐकू आली ना? घाबरू नका, मीच बोलतोय. मी एक पत्र्याचा डबा. खरं तर बिस्किटांचा, पण बिस्किटं आठवड्यात फस्त झाली आणि मी शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या दुकानात बटणं सांभाळायला रुजू झालो. झाकणावरचे गुलाब तेव्हा लालचुटुक होते. आता गंजलेत, पण माझा तोरा काही गेलेला नाही!

काय दिवस होते ते! शिलाई मशीनच्या डाव्या हाताला माझी जागा. कुणाचं बटण तुटलं की मास्तर माझ्यात बोटं घालून ढवळायचे आणि जुळणारं बटण शोधून फुकट लावून द्यायचे. "आपल्याकडे आहे ना, मग घ्या की!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मापाला मात्र भारी कडक. एकदा दोघे जुळे भाऊ आले. म्हणाले, "मास्तर, एकाचंच माप घ्या, आम्ही सारखेच." मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "ते तुमच्या आईला सांगा. मला खांदे बघू द्या."

पुढे मास्तरांना रक्तदाब निघाला. गोळ्या ठेवायला सापडलो मीच. बटणं गेली बरणीत, आणि मला आला राग! गोळ्यांची पाकिटं माझ्यात मावेनात, म्हणून मास्तरांनी कापडाच्या कात्रीने त्यांचे एकेका गोळीपुरते तुकडे केले. औषधाचं नाव अर्धं एका तुकड्यावर, अर्धं दुसऱ्यावर. मला ते कसंसंच वाटलं, पण डब्याला विचारतो कोण?

मास्तरांची थोरली बहीण, अक्का, भिंतीपलीकडच्या खोलीत राहायची. आई गेल्यावर तिनेच मास्तरांना वाढवलं. तिलाही रक्तदाब होता, शिवाय जुना दमा. एका सकाळी ती येऊन बसली.

"धाकट्या, माझ्या गोळ्या संपल्यात रे. दोन दिवस झाले."

"अगं, मग सांगायचं नाही? तुला बीपी, मलाही बीपी. आपल्याकडे आहे ना, घे की!"

बटण द्यावं तशी त्यांनी गोळी दिली. एरवी माझं झाकण अडून बसतं. त्या दिवशी मेलं झटकन उघडलं.

दुपारी अक्काची छाती घरघरायला लागली. तिला धड एक वाक्य बोलवेना. मास्तरांनी तिला दवाखान्यात नेलं, मला काखोटीला मारून. डॉक्टरीणबाईंनी अक्काला वाफ लावली आणि विचारलं, "कोणती गोळी दिलीत?" मास्तरांना नाव आठवेना. त्यांनी मला टेबलावर उपडं केलं. मग कापड जुळवावं तशा त्यांनी तुकड्यांच्या कडा एकमेकींना भिडवल्या, तेव्हा कुठे नाव पुरं झालं.

"ही दम्याच्या माणसाला चालत नाही," बाई म्हणाल्या. "नाव कळलं ते फार बरं झालं." आणि त्या लगेच कामाला लागल्या.

संध्याकाळी अक्काला बोलता आलं. "काय रे, जुळ्यांना कधी एका मापाचा सदरा शिवला नाहीस, आणि मला तुझ्या मापाची गोळी दिलीस होय?" ती हसली. मास्तर मात्र लहान पोरासारखे रडले. मलाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी मला अक्काला देऊन टाकलं. झाकणाच्या आत कापडाची पट्टी चिकटवून लिहिलं, 'फक्त अक्का'. पाकिटं आता माझ्यात तिरकी बसायची, पण अख्खी. ती संपायच्या चार दिवस आधीच मास्तर नवीन आणून ठेवायचे. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी भिंतीवर टकटक करायचे. "अक्का, घेतलीस?" इकडून उत्तर जायचं, "घेतली रे!" अशी किती वर्षं गेली, मोजायची राहिलीच.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. बटण कुणालाही द्या, खुशाल द्या. आपली गोळी मात्र सख्ख्या बहिणीलाही देऊ नका.

मास्तर गेल्या वर्षी गेले. वय झालं होतं. मशीनवर आता चादर आहे आणि टकटक होत नाही. अक्का रोज सकाळी मला उघडते, स्वतःची गोळी घेते, झाकण नीट दाबते. मग भिंतीकडे तोंड करून म्हणते, "घेतली रे, धाकट्या."