वेटोळ्यातले ठिपके

घड्याळजींनी टाक दौतीच्या काठाला टेकवून निथळू दिला, श्वास रोखला आणि टाकाचं टोक कागदाच्या मधोमध ठेवलं. पहिला फेरा तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरा त्याला बाहेरून वळसा घालून, आणि दोन रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं. तिसऱ्या फेऱ्याला मनगटात ती ओळखीची लहर उठली. त्यांनी रेघ तिथेच थांबवली, लहर ओसरू दिली आणि मग पुढे निघाले. थांबले होते तिथे शाई साठून मोहरीएवढा ठिपका पडला.

"छान जमतंय की," लेक मागे उभी राहून म्हणाली. "आणि ठिपक्याचं मनावर घेऊ नका, बाबा. थांबावंसं वाटलं की थांबायचं. ठिपका म्हणजे विसावा."

घड्याळजींनी नुसती मान डोलावली. बोलले असते तर रोखलेला श्वास सुटला असता.

वेटोळी काढायचा हा नाद मुळात लेकीचा. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतून ती घरी आली की हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलावर वही उघडायची आणि तासभर एकामागून एक वेटोळी काढत बसायची. डोकं शांत होतं, म्हणायची. घड्याळजी सुरुवातीला चेष्टा करायचे, "दिवसभर माणसांना सुया टोचून मन भरत नाही, म्हणून आता कागदाला टोचते." ती हसायची आणि पुढचं वेटोळं काढायची. सुई टोचण्यात मात्र तिचं नाव होतं. रडणारी, हातपाय झाडणारी पोरं इतर सगळे तिच्याच खुर्चीकडे पाठवायचे. गेल्या वर्षी तिने ते काम सोडून नोंदणीची खिडकी मागून घेतली. उभं राहून कंबर धरते, म्हणाली. चाळिशी उलटली की कंबर धरायचीच, म्हणून घड्याळजींनी जास्त चौकशी केली नाही. घरात दोघंच होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि लेकीने लग्न का केलं नाही हे विचारायचं सोडूनही बरीच वर्षं झाली होती. एकमेकांना न विचारायच्या गोष्टींची त्या घरात चांगली घडी बसली होती.

म्हणून एका रविवारी घड्याळजी आपण होऊन "मलाही शिकव" म्हणाले, तेव्हा लेकीला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांच्यासाठी वेगळी वही आणि वेगळा टाक आणला.

यात मेख होती, ती तिला ठाऊक नव्हती.

घड्याळजींचा उजवा हात वर्षभरापासून कापत होता. आधी चहाचा कप वाजायला लागला. मग एकदा दुकानात घड्याळ दुरुस्त करताना चिमट्यातून खसखशीएवढा स्क्रू उडाला, तो अख्खी दुपार गुडघ्यावर रांगूनही सापडला नाही. गिऱ्हाईक समोर असलं की ते हात मुठीत आवळून काउंटरखाली ठेवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण घरात किती दिवस झाकणार? लेकीने पाहिलंच.

"डॉक्टरांना दाखवू."

"हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? वय झालं की कापतो हात."

"मग ते डॉक्टरांनाच सांगू दे. त्या म्हणाल्या ठीक आहे, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणाल्या, तर दुकान बंद."

डॉक्टरबाईंची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. त्याच आठवड्यात दुकानासमोरचा सलूनवाला आपल्या भावाला त्याच बाईंकडे दाखवून आला होता. काय करतात तिथे, असं घड्याळजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "काही नाही हो," सलूनवाला म्हणाला, "कागद देतात आणि गोगलगाईच्या पाठीसारखं वेटोळं काढायला लावतात. रेघ थरथरली की धरलं तुम्हाला."

थोडक्यात, पेपर फुटला होता. आणि शिकवणी घरातच होती.

तीन महिने घड्याळजींनी शाळेत केला नव्हता एवढा अभ्यास केला. त्यांचा अर्धा जन्म घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग सरळ करण्यात गेला होता, आणि तीही वेटोळंच. श्वास कधी घ्यायचा, कधी अडवायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हळूहळू लहर यायच्या आधीच त्यांना तिची चाहूल लागायला लागली. चाहूल लागली की थांबायचं, ती गेली की निघायचं. रेघ स्वच्छ. ठिपके तेवढे पडायचे, पण दवाखान्यात टाक थोडाच असणार होता!

नव्हताच. डॉक्टरबाईंनी साधं बॉलपेन पुढे केलं.

"हात टेबलाला न टेकवता काढा. सावकाश."

घड्याळजींनी पाच फेऱ्यांचं वेटोळं काढलं. चार ठिकाणी थांबले. बॉलपेनने एकाही ठिकाणी चुगली केली नाही. डॉक्टरबाईंनी कागद उजेडात धरून पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"माझ्यापेक्षा चांगलं काढलंत. घरात आणखी कुणाचा हात कापायचा? आईचा, वडिलांचा?"

घड्याळजींच्या आईला शेवटची दहा वर्षं चहा दोन्ही हातांनी कप धरूनच प्यावा लागला होता.

"नाही," ते म्हणाले.

"विचारते अशासाठी, की हे पुष्कळदा रक्तातून येतं. आईबापांकडून मुलांकडे. मुलांना तर कधी कधी लवकर सुरू होतं. पण त्यात घाबरण्यासारखं नसतं. वेळेवर कळलं तर गोळ्यांनी पुष्कळ फरक पडतो. लोक उगाच लपवत बसतात." त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. "तुमचं ठीक वाटतंय. सहा महिन्यांनी या."

लेक पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली, आणि तिला हायसं वाटलं असं घड्याळजींनी समजून घेतलं. बाहेर पडताना त्यांना शीळ घालावीशी वाटत होती. दुकान वाचलं होतं.

गंमत अशी, की परीक्षा संपली तरी हात टाकाकडेच जायचा. सोंग म्हणून सुरू केलेल्या गोष्टीची गोडी लागली होती. चार दिवसांत घड्याळजींची वही भरली. दुकान बंद असायचं त्या दिवशी, दुपारी, लेक कामावर असताना, कोरी वही शोधायला त्यांनी तिचं कपाट उघडलं. कोरी मिळाली नाही. तिच्या भरलेल्या वह्यांची चळत मिळाली. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात तारीख होती.

खिडकीशी बसून ते वह्या चाळायला लागले. सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला चढवलं. सगळ्यात जुनी वही चार वर्षांपूर्वीची. काय रेघ होती! पानभर पसरलेली वेटोळी, सुरुवातीपासून शेवटापर्यंत टाक एकदाही अडखळला नव्हता. घड्याळजींना लेकीचा अभिमान वाटला. दुसरी वहीही तशीच. तिसऱ्या वहीत एका पानावर एक ठिपका होता. पुढे चार पानं साफ, मग दोन ठिपके. गेल्या वर्षीच्या वहीत प्रत्येक वेटोळ्यात तीन-तीन, चार-चार. आणि आताच्या वहीत त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

इतके दिवस त्यांना ती तिची नक्षी वाटली होती.

भिंगातून ठिपका स्पष्ट दिसत होता. आत येणारी रेघ शेवटी जराशी नागमोडी झालेली, मग ठिपका, मग पुन्हा सरळ रेघ. लहर, थांबणं, निघणं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. गेल्या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावरची तारीख त्यांनी पुन्हा वाचली. तिने नोंदणीची खिडकी मागून घेतली ते याच सुमाराला.

घड्याळजींनी भिंग काढलं. आपलं दुकान वाचवायला आपण डॉक्टरांसमोर "नाही" म्हणालो, आणि ही शेजारी बसून ते ऐकत होती. आजीचे कप तिनेच तर विसळले होते लहानपणी. बापाचं ठीक निघालं, तर आपलं काय आहे ते कुठल्या तोंडाने विचारायचं तिने? त्यांना स्वतःचा राग आला. वह्या होत्या तशा रचून ते फोनकडे गेले.

संध्याकाळी लेक आली, हातपाय धुऊन टेबलाशी बसली. घड्याळजी दौत फडक्यात गुंडाळत होते.

"ही कुठे नेताय?"

"डॉक्टरबाईंकडे. उद्या सकाळी. फोनवर हातापाया पडलो, तेव्हा मधली वेळ दिली."

"सहा महिन्यांनी या म्हणाल्या ना? सगळं ठीक आहे म्हणाल्या."

"तू रजा टाक. मला एकट्याला नाही जायचं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे, आणि रजेसाठी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना पाहून चष्मा वर केला.

"इतक्यात? काय झालं?"

"मागच्या वेळी मी कॉपी केली," घड्याळजी म्हणाले. "तीन महिने घोकून आलो होतो. आणि माझ्या आईचा हात कापायचा. चांगला कापायचा. शेवटी शेवटी तिला कप धरवत नव्हता."

लेकीने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळजींनी दौत उघडून टेबलावर ठेवली आणि टाक बुडवला. या वेळी त्यांनी श्वास रोखला नाही. लहर आली तेव्हा थांबलेही नाहीत. रेघ वेडीवाकडी उठत, पडत, शेजारच्या रेघेला धडकत पाच फेरे फिरून कागदाच्या कडेला पोचली. एकही ठिपका नव्हता. बंद होणाऱ्या दुकानाच्या शटरचा आवाज त्यांना त्या रेघेत स्पष्ट ऐकू आला, पण ते थांबले नाहीत.

डॉक्टरबाईंनी कागद उजेडात धरला. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या आणि औषधाची चिठ्ठी ओढून घेतली.

"थांबा," घड्याळजी म्हणाले. "आणखी एक कागद द्या."

कोरा कागद आला. त्यांनी तो आपल्यापुढून सरकवत लेकीपुढे नेला. मग दौत, मग टाक.

"न थांबता काढ, बाळा," ते म्हणाले.

लेकीने डाव्या हाताने कागद जवळ ओढला. मग तिने पर्सखाली दडवलेला उजवा हात बाहेर काढला.