भाषण मी करतो

‘सगळ्यांनी लक्षात ठेवा, हे गुपित आहे. काकांना कळता कामा नये,’ असा संजनाचा मेसेज आला, तेव्हा तो वाचायला काका स्वतःच हजर होते.

हे काका म्हणजे गुणवंत परुळेकर, दुबईतल्या अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका एसी डक्टच्या कंपनीतले स्टोअरकीपर. काउंटरपलीकडे फोरमन स्क्रूच्या पेटीसाठी ताटकळत उभा होता आणि अलीकडे काका चष्मा कपाळावर चढवून मोबाईल नाकाला लावून बसले होते. ग्रुपचं नाव होतं ‘काकांचा निरोप’.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. कुसैसमधल्या चार-पाच इमारतींतल्या मराठी कुटुंबांचं एक मित्रमंडळ आहे. नव्या बिऱ्हाडाला गॅसचं कनेक्शन मिळवून देण्यापासून गणपतीच्या आरतीपर्यंत मंडळ सगळं करतं. पण त्याचं सर्वांत जास्त चालणारं काम म्हणजे निरोप समारंभ. आखातात माणूस कितीही वर्षं राहिला तरी एक दिवस सामान बांधतोच. कुणी निघालं की संजना जुना ग्रुप उघडायची, त्यातल्या सगळ्या माणसांना उचलून नव्या ग्रुपात टाकायची आणि नाव बदलायची. त्या माणसांत काका असायचेच, कारण निरोपाचं भाषण काकांचं. साठी उलटली, कंपनीने व्हिसा वाढवला नाही, म्हणून काका या महिनाअखेरीस सावंतवाडीला कायमचे निघाले होते. संजनाने सवयीने सगळे उचलले. त्यात काकाही उचलले गेले.

“चाचा, स्क्रू मिलेगा के नहीं?” फोरमनने विचारलं.

“मिलेगा, हबीबी. मेरा पार्टी हो रहा है, थोडा रुको,” काका म्हणाले आणि एकटेच खुदखुदत आत गेले.

घरी त्यांनी बायकोला, विनिताला, ग्रुप दाखवला. ती हसता हसता खाली बसली.

“अहो, मग बाहेर पडा ना त्यातून!”

“बाहेर पडलो की अॅडमिनला कळतं. अॅडमिन संजना. म्हणजे शारजापर्यंत बातमी. त्यापेक्षा गप बसतो. पोरांचा आनंद कशाला घालवायचा?”

पहिले दोन दिवस मजेत गेले. मंडळाचा अध्यक्ष धनंजय, म्हणजे संजनाचा नवरा, भेटवस्तूवर अडून बसला होता. ‘तीनशे दिरहमचं घड्याळ म्हणजे सात हजार रुपये. गावी काका ते कुणाला दाखवणार, म्हशीला?’ नोमानने लिहिलं, ‘तुम्ही घ्या तर. म्हैस मी बघतो.’ नोमान खेडचा, तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि मंडळाच्या गणपतीत त्याच्याइतका वरचा आवाज कुणाचा लागत नसे. काका रात्रीच्या जेवणाला हे सगळं विनिताला वाचून दाखवत. घड्याळ नको, छत्री द्या, असं सुचवायला बोटं शिवशिवत. पण त्यांनी जीभ आणि बोटं दोन्ही आवरली.

तिसऱ्या दिवशी संजनाने विचारलं, ‘भाषण कोण करणार?’

आणि ग्रुप एकदम थंड पडला. संध्याकाळी धनंजयने लिहिलं, ‘मला प्रेझेंटेशन द्यायला सांगा, देतो. हे नाही जमणार.’ नोमान म्हणाला, ‘माझ्या मराठीला काका मध्येच थांबवून करेक्शन करतील.’ संजनाने स्वतः लिहिलं, ‘मी उभी राहिले की रडणार, खलास.’ बाकीच्यांनी नुसतेच हात जोडलेले पाठवले.

काकांनी हे वाचून दाखवलं नाही. विनिताने विचारलं तर म्हणाले, “आज काही विशेष नाही.” पण त्यांना लागलं. कुसैसमधून गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल ते बोलले होते. ज्यांच्याबद्दल बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यांच्याबद्दलही काहीतरी शोधून बोलले होते. आपल्या वेळी कुणीतरी उभं राहील आणि चार शब्द बोलेल, एवढीच त्यांची हाव होती. त्यांना घड्याळही नको होतं आणि छत्रीही. चार शब्द हवे होते, आणि तेच कुणाकडे नव्हते.

शनिवारी सकाळी ते बाल्कनीत चहा पीत बसले होते. संजनाचा मेसेज आला: ‘उद्यावर कार्यक्रम आलाय. प्लीज, भाषणाचं कुणीतरी बघा ना!’

हा मेसेज काकांनी जन्मभर वाचला होता आणि त्याला जन्मभर एकच उत्तर दिलं होतं. रागावलेलं मन एकीकडे राहिलं आणि बोटांनी आपलं नेहमीचं काम उरकलं. ‘काळजी नको. भाषण मी करतो.’

पाठवून झाल्यावर त्यांना समजलं. चहा पायजम्यावर सांडला.

मग संजनाचं ‘काका???’ आलं. मग धनंजयचं ‘यल्ला, चला, गुपित संपलं’. मग नोमानचा आवाज आला. त्याने भलामोठा ऑडिओ पाठवला होता आणि त्यात तो नुसता हसत होता.

पाच मिनिटांत संजना घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून दारात उभी. मागे धनंजय.

“काका, तुम्ही यात कसे?”

“तूच घेतलंस, बाई.”

“म्हणजे ते म्हशीचं पण...” धनंजयने कपाळावर हात मारला.

“म्हशीचं वाचलं. भाषणाचंही वाचलं.” काका हसत होते, पण आवाज जरा बसला होता. “कुणालाच बोलायचं नाही म्हणता?”

धनंजयने बूट काढले, आत येऊन त्यांच्याजवळ बसला. “काका, काल मी गाडी पार्क करून अर्धा तास प्रॅक्टिस केली. तोंडातून तुमचंच भाषण येतंय. आम्हा सगळ्यांना ते पाठ आहे हो. तेच तुमच्यासमोर कसं म्हणणार? आणि दुसरं बोलायला गेलो की गळा दाटतो. नोमानचं पण तेच झालंय, फक्त तो कबूल करत नाही.”

काकांनी धनंजयच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मनातला सल केव्हाच निघून गेला होता.

“तरीपण भाषण मीच करणार,” ते म्हणाले. “शब्द दिलाय ग्रुपवर.”

रविवारी इमारतीचा पार्टी हॉल तुडुंब भरला. धनंजयची मुलगी ईशानी सूत्रसंचालन करत होती. “Uncle, you can’t do your own farewell, it’s weird,” ती माइकवर म्हणाली आणि माइक त्यांच्या हातात दिला.

“माझा निरोप मी करत नाहीये,” काका म्हणाले. “आजवर मी इतकी भाषणं केली. प्रत्येकात नवऱ्याबद्दल पंधरा मिनिटं आणि शेवटी एक वाक्य, ‘वहिनींची मोलाची साथ लाभली.’ या महिन्यात कुसैसमधून एक वहिनी चालल्यात. त्यांच्याबद्दल बोलायचंय.”

काकांनी माइक जवळ घेतला.

“या बाई सावंतवाडीच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न झालं, इथे आल्या. त्यांच्या व्हिसावर शिक्का मारला, ‘हाउसवाइफ, नॉट अलाउड टू वर्क.’ आता मला सांगा, धनंजय तू रियाधला होतास तेव्हा संजनाच्या बाळंतपणात हॉस्पिटलात कोण बसलं? नोमान, तू आलास तेव्हा पहिला महिना डबा कुठून आला? आणि ही ईशानी, हिचं गणित कुणी घेतलं? या बाईने इतकी वर्षं रोज कायदा मोडलाय, आणि तुम्ही सगळे साक्षीदार आहात.”

हशा उसळला. काकाही हसले, मग थांबून डोळे पुसले. “मी रोज घरी येत होतो ते हिच्यामुळे. नाहीतर मी नुसता खोलीवर आलो असतो.”

सगळ्यांनी विनिता कुठे आहे म्हणून पुढच्या रांगेत पाहिलं. ती तिथे नव्हती. ती मागे, भिंतीलगतच्या टेबलापाशी, मसालेभाताच्या पातेल्यामागे डाव घेऊन उभी होती. मग खुर्च्या खरखरल्या. एकेकाने उठून आपली खुर्ची फिरवली आणि सगळा हॉल तिच्याकडे तोंड करून बसला. काकांसाठी आणलेली शाल धनंजयने तिच्या खांद्यांवर घातली. टाळ्या थांबेनात.

“अहो, पुरे आता, भात गार होतोय,” विनिता म्हणाली. एवढंच तिचं भाषण.

संजनाने तिच्या हातातून डाव काढून घेतला. नोमानने खुर्ची आणली. काका ताट घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले. मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांबरोबर बसून जेवायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि वाढायला कुणी उरलंय का हे पाहायला ती दोनदा उठू लागली. दोन्ही वेळा नोमानने तिला खाली बसवलं.

तिने पहिला घास घेतला, सावकाश चावला.

“मीठ कमी पडलंय,” ती काकांच्या कानाशी म्हणाली.

तरीही संजनाने पुन्हा वाढायला डाव पुढे केला, तेव्हा तिने ताट मागे ओढलं नाही.