वळणावरचा सलाम

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरांत एप्रिल लागला की पाद्रीबुवा चर्चसमोर उभ्या केलेल्या मोटरसायकलींवर पवित्र पाणी शिंपडतात. पुढच्या शनिवारपासून एवाल्ट नाइसेन गावच्या बंबखान्याच्या आवारात मोटरसायकल चालवणाऱ्यांना शिकवायला उभा राहतो. त्याचं शिकवणं एका शब्दाचं होतं. दिसा.

"मोटारवाला तुम्हाला शोधत नसतो. तो मोटार शोधतो, ट्रक शोधतो. तुम्ही त्याच्या डोळ्यांत भरायला हवं. ट्रकच्या आडोशाला राहू नका. भर उन्हातही दिवा चालू ठेवा. आणि हे घाला." हे म्हणजे पिवळंधमक जाकीट. तो स्वतः ते बाराही महिने घाली. गावात त्याला पिवळा कोंबडा म्हणत.

"मास्तर, मला कशाला जाकीट?" बेकरीतली रोझविता म्हणाली होती. "मी तशीही कोसावरून दिसते!" सगळं आवार हसलं होतं. पन्नाशी उलटल्यावर तिनं परवाना काढला होता. तिच्या मुलांनी टिंगल केली, तरी काढला.

तिकडे एक रीत आहे. समोरून दुसरा मोटरसायकलवाला आला की डावा हात हँडलवरून खाली सोडून सलाम करायचा. न करणारा शिष्ट ठरतो. एवाल्ट दरवर्षी बजावून सांगे, "वळणावर सलाम नाही. तिथे दोन्ही हात हँडलवर."

मे महिन्यातल्या एका रविवारी तो घाट चढत होता आणि रोझविता समोरून उतरत होती. शिकून झाल्यावर ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती. पाठ ताठ, दिवा चालू, अंगात पिवळं जाकीट. बघून त्याचं ऊर भरून आलं. वळण त्याला उजवं होतं, तिला डावं. त्यानं हात खाली सोडला. मास्तरांनी सलाम केला म्हणून तिनंही सोडला. डाव्या वळणात डावा हात सुटला तशी तिची गाडी सरळ झाली आणि कडेच्या खडीत गेली.

तो पळत पोचला तेव्हा तिची नडगी मोडलेली होती. "चुकलं हो मास्तर," ती कण्हत म्हणाली. "इतकं शिकवलंत, आणि मी मातीत घातलं."

"असू दे, असू दे," एवाल्ट म्हणाला.

इस्पितळात ती पुन्हा तेच म्हणाली. येणाऱ्याजाणाऱ्यालाही सांगायची की मास्तर देवमाणूस, मीच धांदरट. एवाल्ट फुलं ठेवून परत यायचा. मग कानावर आलं की रोझविता गाडी भाच्याला देऊन टाकणार आहे. तेव्हा मात्र तो तिच्या घरी गेला.

ती स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर टाकून बसली होती. "या मास्तर. रूबार्बचा केक आहे, हातानं कापून घ्या. मला उठवत नाही."

"गाडी देताय म्हणे?"

"देते. भाचा येतोय उद्या. आपल्याच्यानं होत नाही ते होत नाही. मुलं म्हणत होती तेच खरं."

एवाल्टनं सुरी खाली ठेवली. "रोझविताबाई, हात आधी मी सोडला."

"कसला हात?"

"सलामाचा. वळणावर. तुम्ही फक्त उत्तर दिलंत."

"मला वाटलं, मलाच भास झाला. म्हटलं, मास्तर वळणावर हात सोडतील होय? म्हणून कुणाला बोलले नाही. आणि तुम्हाला ठाऊक होतं? मी रोज माफी मागत होते आणि तुम्ही फुलं आणत होतात?"

"होय."

"मेली ती फुलं! पाय बरा होईल हो. पण मला स्वतःची लाज वाटायला लागली होती, तिचं काय करू?"

"तुम्ही म्हणाल ते करतो," एवाल्ट म्हणाला.

"शनिवारी सगळ्यांसमोर सांगा," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन. मी येईन ऐकायला."

ती कुबड्यांवर आली आणि बंबाला टेकून उभी राहिली. एवाल्टनं सांगितलं. मागून कुणीतरी खिदळलं, "पिवळा कोंबडा आरवला!" पण बाकी कुणी हसलं नाही. शिकवणं संपल्यावर तो तिच्याजवळ गेला. "गाडी?"

"भाच्याला नाही म्हणून सांगितलं. पुन्हा शिकणार आहे मी. पण तुमच्याकडे नाही."

त्यानं मान डोलावली.

त्यानंतर त्या घाटात त्यानं हँडलवरून हात काढला नाही. अनोळखी मोटरसायकलवाले सलाम करत, उत्तर नाही म्हणून चिडत. एकानं तर मागे वळून मूठ दाखवली. एवाल्ट निमूट पुढे जाई.

सप्टेंबर सरता सरता त्याच वळणावर ती समोरून आली. दोन्ही हात हँडलवर, नजर वळणाच्या पार पुढे. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायला नकोच होतं.

थोडं वर जाऊन त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं. खालून तिच्या गाडीचा आवाज येत होता. प्रत्येक वळणाला तो दबे आणि पुन्हा वर येई. घाट उतरून तो पार विरेपर्यंत एवाल्ट जागचा हलला नाही.