एकशे बारावा सुरुंग

मी सळई बोलतेय. हो, सळईच. खालच्या पाटीवर ‘तंबूची खुंटी’ असं लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. पाटी लिहिणाऱ्याने आयुष्यात ना तंबू ठोकला, ना सुरुंग शोधला. अकरा वर्षं या काचेच्या पेटीत पडून मी रोज खुंटी म्हणवून घेतेय. राग येणार नाही तर काय होईल?

माझा जन्म सैन्याच्या कारखान्यातला. हातभर लांब पोलाद, एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ. मला दिलं ते सॅपरांच्या हाती. सॅपर म्हणजे सैन्यातले बांधकामवाले आणि सुरुंगवाले. लढणारी पलटण नदीपाशी पोचायच्या आत यांचा पूल तयार हवा, आणि पलटण मागे फिरली की तोच पूल यांनीच उडवायचा. सगळ्यांच्या आधी जायचं, सगळ्यांच्या नंतर यायचं, आणि फोटोत मात्र कुठेच नाही. माझ्या शेजारी एक जुनं फावडं आहे. किल्ल्यांच्या तटाखाली भुयारं खणण्याच्या काळातलं. ते उठता बसता सांगतं, ‘आमच्या वेळी भिंतीच्या भिंती कोसळायच्या!’ कोसळायच्या बाबा, ऐकलंय शंभरदा.

माझं काम गाजावाजा करायचं नाही, उलट आवाज होऊ न देण्याचं. माणसाने पोटावर पालथं पडायचं आणि मला मातीत तिरकी खुपसायची, हळूच, दर दोन बोटांवर एकदा. उभी खुपसली तर मी सुरुंगाच्या डोक्यावर बसणार, मग सळईही नाही आणि माणूसही नाही. तिरकी गेले की त्याच्या कुशीला लागते. तिथेच हात थांबला पाहिजे.

असा हात उस्तादांचा होता. ते हवालदार, नव्या पोरांना शिकवायचे म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी कशाला टेकले की ते पुटपुटायचे, ‘थांब गं बाई, घाई नको.’ मला कुणी बाई म्हटलेलं तेवढंच.

लढाई संपली. गावाबाहेरच्या एका माळावर आपल्याच लोकांनी पेरलेले सुरुंग काढायचे होते. नकाशावर एकशे बारा. बावीस दिवस आम्ही तो माळ इंच इंच चाचपला. एकशे अकरा निघाले. शेवटचा पाण्याच्या टाकीजवळ असायला हवा होता. तिथे मोठा खड्डा पडलेला.

आमच्या तुकडीचे तरुण साहेब खूश झाले. ‘बघा, हा आपोआप फुटला. जुळला आकडा!’

उस्ताद खड्ड्यात उतरले, कडेची माती बोटांनी चोळली. ‘साहेब, हा सुरुंगाचा खड्डा नाही. एवढा खोल पडत नाही. हा तोफेच्या गोळ्याचा आहे. आपला सुरुंग या उडालेल्या मातीच्या ढिगाऱ्याखाली सरकला असणार. दोन दिवस द्या.’

‘उस्ताद, उद्या जमीन परत द्यायचीय. मांडव घातलाय, पाहुणे निघालेत. तुम्ही उगाच फाटे फोडू नका.’

कागदावर सही झाली. झालं! आकडा जुळला की माणसांना कसं हायसं वाटतं, ते मी तेव्हा पाहिलं. जमिनीत काय आहे हे मग कुणी विचारत नाही. उस्तादांची बदली झाली, मी आधी गोदामात आणि मग या पेटीत आले.

आत्ता थोड्या वेळापूर्वी ते आले. तीस वर्षांनी. केस पांढरे, गुडघा धरून चालतात, सोबत लेक. मी ओळखलं ते आवाजावरून.

इथल्या पहारेकऱ्याला ते सांगत होते, ‘त्या माळावर शाळेचं मैदान होतंय. सोमवारी रोलर फिरणार. मी तीन पत्रं लिहिली. उत्तर काय, तर नोंदीप्रमाणे जागा निर्धोक आहे! आज शेजारच्या सैन्याच्या कचेरीत गेलो, तर म्हणाले, जुने नकाशे संग्रहालयात बघा.’

‘आजोबा, नकाशे भिंतीवर आहेत. बघा आणि जा. मी काय करणार?’

‘अरे, यंत्राने तपासून चालणार नाही. प्लॅस्टिकचा सुरुंग तो, त्यावर यंत्र ढिम्म बोलत नाही. ही सळई लागते, ही!’ त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पहारेकरी वाकून पाटी वाचतो कसा, ‘ही तर खुंटी आहे.’

माझं बोलणं त्याला ऐकू गेलं असतं ना, तर त्याची चांगली खरडपट्टी काढली असती.

‘आजोबा, काचेला हात लावू नका.’

पण उस्तादांनी लावला होता. आणि तो हात थरथरत होता. ज्या हाताने मला केसभरही हलू दिलं नाही, तो काचेवर टकटक वाजत होता.

लेक म्हणाली, ‘बाबा, चला आता. पुन्हा पत्र लिहू आपण.’

‘पत्रं पुरे झाली. उद्या रविवार, माळावर कुणी नसेल. मीच बघतो.’

‘कशाने बघणार? आणि हे हात बघा आधी!’

‘घरी मोडकी छत्री आहे. तिची तार पुरते.’

लेकीला वाटलं, बाबा रागाने बोलताहेत. ती हसली आणि त्यांचा दंड धरून घेऊन गेली. ते हसले नाहीत. मी त्यांना ओळखते, ते जाणार.

छत्रीची तार वाकते हो! वाकली की कूस कुठली आणि डोकं कुठलं, हे हाताला कळतच नाही. तुम्ही इतका वेळ माझ्यासमोर उभे आहात, म्हणून तुम्हाला सांगते. त्या कचेरीत जा, टेबलावर हात आपटा, आजच्या आज एखादी तुकडी माळावर पाठवायला लावा. ते जमेल तेव्हा जमेल. आधी उस्तादांना गाठा. जिने उतरायला त्यांना वेळ लागतो, अजून फाटकाशी पोचले नसतील. माझ्याकडे काय बघत बसलाय? धावा!