हात पोचेल तिथवर गंज

माणसानं पसारा करावा, सांडलवंड करावी, एक वेळ परवडलं. पण दुसऱ्यानं गुडघे मोडून लावलेलं ग्रीस सकाळी उठून पुसून टाकू नये. आणि पुसलं तर पुसलं, वर "हा चिकटा कुणी केला?" असं त्याच माणसाला विचारू नये. थोरलीचा नवरा नेमकं हेच करत होता, रोज करत होता, आणि त्याला बोलून उपयोग नव्हता, कारण आपण कुणाशी बोलतोय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"बाईसाहेब," तो म्हणायचा, "गाडी कधी काढू?"

बाईसाहेब म्हणजे त्याच्या साहेबांची बायको. साहेब गेले, बाईसाहेब गेल्या, ड्रायव्हरची नोकरी संपून जमाना झाला. पण म्हाताऱ्याच्या डोक्यातून बाकी सगळं गळून पडलं आणि नोकरी तेवढी शिल्लक राहिली. थोरलीनं जन्मभर संसार केला आणि शेवटी ओळख मिळाली ती दुसऱ्याच्या बायकोची. तीही कुणाची, तर जी हिच्याकडे कधी मान वळवून बघत नव्हती तिची!

"तिच्यासारखी दिसते मी?" थोरली कमरेवर हात ठेवून विचारायची. "तिचं ते वाळकं लाकूड आणि मी?"

म्हातारा अदबीनं खाली बघायचा. असल्या प्रश्नाला ड्रायव्हरनं उत्तर द्यायचं नसतं.

घराच्या एका अंगाला गॅरेज होतं आणि गॅरेजात साहेबांनी जाताना देऊन टाकलेली जुनी गाडी. ती चालत नव्हती, चालणारही नव्हती. पण रोज सकाळी म्हातारा घरातल्या दारानं आत शिरायचा, बादली भरायचा, बुटक्या स्टुलावर बसून आधी बंद शटर आतून पुसायचा, मग गाडी पुसायचा. मग एका हातानं शटर वर ढकलून स्टिअरिंगमागे बसायचा आणि समोरचा रस्ता, रस्त्यापलीकडचा समुद्र बघत राहायचा. दुपारपर्यंत त्याचा काही त्रास नसायचा. बाकीच्या वेळी तो घरभर किल्ली शोधत फिरायचा, कोंडून घातल्यासारखा, आणि रात्र पडली की रडायचा.

म्हणून ते शटर थोरलीला जिवापलीकडे जपायचं होतं. मुलानं तर तोंडावर सांगितलं होतं.

"आई, माझी मुलगी मोठी झाली. तिला अभ्यासाला कोपरा नाही आणि आपण भंगाराला खोली दिलीय."

"भंगार कुणाला म्हणतोस रे? बापाला?"

"गाडीला म्हणतोय. तू पण ना! हे बघ, शटर या पावसाळ्याच्या ओल्या दिवसांत टिकलं तर राहू दे सगळं. अडकलं तर मात्र मी पुन्हा दुरुस्ती करणार नाही. गाडी काढायची आणि भिंत घालायची. भिंतीला गंज येत नाही."

"टिकेल," थोरली म्हणाली. "मी काय मेले नाही अजून."

पोरगं वाईट नव्हतं. म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

थोरली शाळेत गेली ती सही शिकण्यापुरती. पण समुद्राचं वारं लोखंडाला कसं खातं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गल्लीतल्या जाळ्या, कड्या, बिजागऱ्या तिच्या डोळ्यांदेखत भुगा झाल्या होत्या. रंगाऱ्यानं एकदा गंजावरच रंग फासलेला तिनं पकडला, त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला तो कायमचा. कोरड्या दिवसांत ती रस्त्यावर बसून शटर खरवडायची, पॉलिश पेपर मारायची, लाल प्रायमर लावायची, त्यावर निळा ऑइलपेंट. दोन्ही बाजूंच्या खाचांत ग्रीस भरायची. वरून ताडपत्रीचा पडदा सोडायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "थोरली, पोरीचं लग्न आहे का?" ती म्हणायची, "तुझ्या पोरीपेक्षा माझं शटर देखणं आहे, जा."

रंग मारायची तो बाहेरून. आतून गाडीचं नाक शटरला जवळजवळ टेकलेलं; त्या बोळकांडीत म्हाताऱ्याचं पाप्याचं पितर शिरायचं, थोरलीचा देह शिरत नव्हता. आणि शटर वर गेलं की गुंडाळलं जायचं, मग आत काय आहे कोण बघतो?

ओले दिवस तोंडावर आले तसं शटर कुरकुरायला लागलं. थोरलीनं मुलाला पत्ता लागू न देता शटरवाल्याला बोलावलं. हा बडबड्या माणूस. त्यानं शटर उतरवून रस्त्यावर आडवं पसरलं, उलटं केलं आणि शीळ घातली.

"काकू, बाहेरून नवरी आणि आतून म्हातारी की हो!"

"म्हातारी कुणाला म्हणतोस? नीट बघ."

"तुम्हीच बघा."

थोरलीनं बघितलं. आतल्या अंगाला खालच्या पट्ट्या खपलीसारख्या उलल्या होत्या, बोटानं दाबलं तर बोट आत जाईल अशा. गंज खालून वर चढत आला होता आणि एका उंचीवर रेघ मारल्यासारखा थांबला होता. त्याच्या वर लोखंड ठणठणीत. रेघ सरळ नव्हती. एका बाजूला वर गेलेली, दुसऱ्या बाजूला पार खाली उतरलेली.

"वारं असं खात नाही," शटरवाला म्हणाला. "वारं सगळीकडून खातं. हे कसलं पाणी लागलंय?"

थोरली रेघेजवळ वाकली. म्हाताऱ्याचा डावा खांदा वर उचलत नव्हता. बुटक्या स्टुलावर बसून उजवा हात जिथवर पोचेल आणि डावा जिथवर पोचेल, तीच ती रेघ होती. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मचूळ. मागच्या विहिरीच्या नळाचं पाणी. तो नळ बुटका, म्हाताऱ्याला वाकायला लागत नाही, म्हणून बादली तिथे भरायची सवय. इतकी वर्षं ती समुद्राला शिव्या घालत होती, आणि समुद्र घरातच बादलीत भरून येत होता, रोज, फडक्यासकट.

"चार पट्ट्या बदलून देतो," शटरवाला म्हणाला. "बाकीच्यांना पाणी लागू देऊ नका. मग निघतील हे दिवस, कदाचित."

दुसऱ्या सकाळी थोरलीनं बादली आणि फडकं पलंगाखाली लपवलं. म्हातारा गॅरेजात गेला, परत आला, पुन्हा गेला. मग बराच वेळ आवाज नाही. ती बघायला गेली तर तो बाहेरच्या दाराशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावलेली, काखेत पिशवी. पिशवीत काय, तर एक उशी आणि डबा.

"किल्ली कुणाकडे देऊ, बाईसाहेब?"

"कशाला? कुठं निघालात?"

"काढलंत ना मला." त्यानं पिशवी काखेत घट्ट दाबली. "काय चुकलं तेवढं सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. साहेबांची गाडी मी कधी मळकी ठेवली नाही."

थोरलीनं पलंगाखालून बादली ओढली आणि त्याच्यासमोर आदळली. "घ्या. कुणी काढलं नाही तुम्हाला. तुम्हाला काढायची सोय असती तर मीच केव्हाची काढली असती."

मग तिनं दुसरी युक्ती केली. पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या नळाचं गोडं पाणी तांब्या तांब्यानं बादलीत भरून ठेवलं. म्हातारा आला, बादलीत वाकून बघितलं आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं.

"अहो! प्यायचं पाणी आहे ते!"

"बादली ड्रायव्हर भरतो, बाईसाहेब," तो म्हणाला. रागानं नाही, शिकवल्यासारखं. "आपण हात लावायचा नाही." आणि बुटक्या नळाकडे गेला.

ती रोज भरत राहिली, तो रोज ओतत राहिला. तो माणूस सगळं विसरला होता, पण पाणी दुसऱ्यानं भरलंय हे मात्र त्याला बघताक्षणी कळायचं. थोरलीनं त्याच्या पाठीमागे लांब काठीला कोरडं फडकं बांधून पट्ट्या टिपून बघितल्या. खपल्याच सुटून आल्या. खाचांत ग्रीस भरलं. ते सकाळी पुसलेलं. तिच्या बोटांच्या नखांतून लाल रंग निघत नव्हता आणि तिला आता ठाऊक होतं की काही होणार नाही. तरी ती बसायची. न बसून करणार काय?

ओले दिवस लागले. वारं आडवं यायला लागलं, ताडपत्री फडफडून फाटली. एका सकाळी म्हाताऱ्यानं शटर ढकललं, ते गुडघ्याइतकं वर गेलं, तिरकं झालं आणि थांबलं. जुन्या पट्ट्या नव्या पट्ट्यांपासून फाटून लोंबत होत्या. मुलगा आला, वाकून बघितलं. जिंकल्याचा आव त्यानं आणला नाही, तेवढी अक्कल त्याला होती.

"आई, गवंड्याला सांगतो."

"सांग."

"बाबांना तुझ्या खिडकीपाशी खुर्ची ठेवू. तिथूनही दिसतो समुद्र."

"दिसतो," थोरली म्हणाली. "कोपऱ्याएवढा."

विटा आल्या, गॅरेजसमोर रचल्या गेल्या. गाडी न्यायला दुसऱ्या दिवशी माणसं यायची होती. त्या सकाळी थोरली गॅरेजात गेली तेव्हा म्हातारा आपल्या बोळकांडीत स्टुलावर बसला होता. अडकलेल्या शटरचं जे काय उरलं होतं ते पुसत होता. फडकं एका भोकातून आरपार बाहेर गेलं. त्यानं ते सावकाश आत ओढून घेतलं, पिळलं, आणि त्या भोकाच्या कडा पुन्हा हळुवार पुसल्या. भोकातून विटा दिसत होत्या. तिनं गाडीच्या दरवाजाच्या खालच्या कडेला हात लावला तर तिथंही पत्रा पापडासारखा मोडला. थोरलीनं तुकडा पदरात लपवला.

म्हातारा तिची चाहूल लागून उठायला गेला. उठता आलं नाही. बसल्या बसल्याच त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

"बघा बाईसाहेब. काम पसंत आहे ना?"

थोरलीनं शटरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. निदान आज एकदा तरी त्यानं नावानं हाक मारावी असं तिला वाटलं, आणि वाटल्याचा तिला रागही आला. तिनं स्टुलाजवळची बादली उचलून बाजूला ठेवली आणि त्याला उठवायला हात पुढे केला.

"पसंत आहे," ती म्हणाली. "तुमच्यासारखा ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही. एक दिवस खाडा नाही, एक कोपरा सोडला नाहीत. वाऱ्याला जे जमलं नाही ते तुम्ही फडक्यानं करून दाखवलंत. शटर गेलं, गाडी गेली, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. कळेल ते मला एकटीला. उठा आता, झालं तुमचं काम."