सरळ करून आणलेलं लाकूड

वहिनीचं डोकं सणकलं, आणि का नाही सणकणार? नवऱ्याने पहिली होडी खडकावर घालून फोडली, तेव्हापासून तो समुद्राचं नाव काढत नव्हता. मिनतवाऱ्या करून तिने त्याला नव्या होडीसाठी तयार केलं होतं. होडी ती स्वतः बांधणार होती. बापाकडून शिकलेली कारागीर होती ती. झाड वाकतं तशा लाकडातल्या तंतूंच्या रेषाही वाकतात, आणि त्या अखंड राहिल्या तरच वाकडी बरगडी भार पेलते, म्हणून होडीच्या बरगड्यांसाठी तिने वाकडा बुंधा शोधून, साचा लावून, खडूने खूण केली होती. आणि वखारवाल्या दिराने काय करावं? त्याच बुंध्याच्या सरळसोट फळ्या पाडून आणल्या!

"वाकडं होतं, सरळ करून आणलं," दीर हसत म्हणाला. "आभार नंतर माना."

"आभार? भाऊजी, अक्कल गहाण टाकलीत का? वाकडा होता म्हणूनच निवडला होता मी तो!"

"मग फळीतून वाकडी कापा की बरगडी. आकार तोच येईल."

वहिनीने फणफणत फळीवर साचा ठेवला, मशीनवर बरगडी कापली, दोन ठोकळ्यांवर आडवी टाकली आणि मधोमध पाय दिला. कटकन दोन तुकडे. वळणापाशी रेषा तुटल्या होत्या, तिथेच.

"बघा! लाटेने असाच पाय दिला म्हणजे?"

दीर चिडला. "उगाच बाऊ करता वहिनी! तुम्ही अंथरुणाला खिळला होता, तेव्हा दादाच्या पहिल्या होडीला बरगड्या मी अशाच फळीतून कापून दिल्या होत्या. रंग लावल्यावर कुणाला कळलं?"

बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी खडकावर नाही गं घातली," होडी फुटली तेव्हा नवरा घसा कोरडा करून सांगत होता. कुणी ऐकलं नाही. तिने तर नाहीच. प्रत्येक भांडणात तिने तोच टोमणा मारला होता, आणि हा दीर शेजारी बसून मान डोलवायचा. आत्ताही नवरा आतल्या खोलीत खाली मान घालून जाळं विणत होता. तिला दिराचा संताप आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

तिने दोन्ही तुकडे दिराच्या हातात कोंबले.

"चल आत," ती म्हणाली. आजवर तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "आत्ता बोललास ते भावाच्या तोंडावर बोल. आणि तुझं झालं की बाहेर हो. मलाही त्यांची माफी मागायची आहे."