पाच हजारांच्या वर

त्या रविवारी माझे वडील, आण्णा, गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून आकडे वाचत होते. लॅपटॉप मांडीवरून सटकू नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेला. मिरजगावच्या शेडमध्ये आण्णांनी पाइप जोडून दोन माणसांची हलकी गाडी उभी केली होती. तिच्यात अपघातातल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. किती पेट्रोल द्यायचं, हे आता आम्ही इंजिनाच्या कॉम्प्युटरला शिकवत होतो. पेट्रोलच्या एका भागामागे हवेचे किती भाग, तो आकडा साडेबाराच्या आसपास हवा. चौदाकडे गेला तर पेट्रोल कमी पडतंय. तसंच दामटलं तर पिस्टन वितळतो.

बायपासच्या अजून न उघडलेल्या पट्ट्यावर मी ओरडायचे, "बारा-आठ!"

"हां," ते म्हणायचे आणि आणखी दाबायचे. मी तळाच्या पत्र्यावर पाय रोवून बसायचे.

"मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या वरचं उद्या बघू," परतताना ते म्हणाले. "उद्या सुट्टी हाय ना तुला? चल, भरीत गार होईल."

सकाळी ते शेडमधल्या खुर्चीत बसलेले सापडले. हातातला पाना तसाच. आण्णा गेले होते.

आण्णांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर भाऊ सम्राट म्हणाला, "इंजिन काढून विकू, सांगाडा भंगारात देऊ. नीट पळत असती तर गोष्ट वेगळी."

"पळवून दाखवते," मी म्हणाले.  वरचा आकडा चुकला तर आण्णांचं इंजिन माझ्याच पायाखाली जळणार होतं.

आकडे वाचायला आई बसली. "यशे, ही गाडी हाय का पाट? बूड जमिनीला लागतंय."

"चौदा दिसलं की ओरड."

चार हजार. "बारा-सात," आई म्हणाली. पाच हजार. सांगाडा थरथरू लागला. "तेरा... तेरा-सहा... चौदा! चौदा गं!"

मी पाय उचलला. गाडी थांबली तरी बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. लॅपटॉपवरच्या तक्त्यात तेवढ्या फेऱ्यांच्या चौकटीत पेट्रोल वाढवलं. आता पुन्हा तिथवर जायचं होतं, आणि मला गिअर टाकवेना.

"ते बी असंच बसायचे," आई म्हणाली. "तू पुण्याला गेलीस की एकटेच गाडी काडायचे, न् इथनंच माघारी. म्हनायचे, पोरगी आकडे सांगाय असली म्हंजे मला भ्या वाटत न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

मी गिअर टाकला. पाच हजारांवर पुन्हा सगळं थरथरलं.

"तेरा!" आई ओरडली. "बारा-सहा. बारा-सहाच हाय!"

मी पाय तसाच दाबून धरला.

"आण्णा," मी मोठ्यानं म्हणाले, "मला भीती वाटायची. तुमच्याशेजारी बसले की दर वेळी वाटायची. तरी मी यायचे."